गोलावर क्लिक झालं, हे प्रोग्रामला कसं कळतं?

स्क्रीनवर एक निळा गोल काढायचा आणि त्यावर क्लिक केलं की तो लाल करायचा. प्रोग्रामिंग नुकतंच शिकायला लागलेल्या माणसाला हे काम दोन ओळींचं वाटतं. व्हेरिएबल कळलेलं असतं, ‘जर-तर’ कळलेलं असतं, लूप लिहिता येत असतो. मग मनात येतं तसंच तो लिहून टाकतो:

गोल काढ
जर क्लिक झालं असेल, तर गोल लाल कर

प्रोग्राम चालतो, गोल दिसतो. क्लिक केलं तर मात्र काहीच होत नाही. पुन्हा करून पाहावं, दोनदा करून पाहावं, गोल आपला निळाच. कोड शंभर वेळा वाचला तरी चूक सापडत नाही, कारण कंस जागच्या जागी असतात आणि संगणकानं कसलीच तक्रार केलेली नसते.

चूक ओळींमध्ये नाही, वेळेमध्ये आहे. पहिली ओळ चालली, लगोलग दुसरी चालली आणि त्या क्षणी क्लिक झालेलं नव्हतं. ‘जर’चं उत्तर ‘नाही’ असं आलं, प्रोग्राम पुढे गेला आणि संपला. तोवर तुमचा हात माउसपर्यंत पोचलाही नव्हता.

ग्राफिक्स शिकण्याची सुरुवात या फसलेल्या प्रोग्रामपासूनच करावी असं मला मनापासून वाटतं. तो का फसला हे ज्याला नीट उमगलं, त्याला इव्हेंटवर, म्हणजे बाहेर घडणाऱ्या गोष्टींवर, चालणारं प्रोग्रामिंग अर्धं समजलं.

कुणी कुणासाठी थांबायचं

आतापर्यंत लिहिलेले प्रोग्राम वरून खाली चालत होते. मध्येच ‘तुमचं नाव टाका’ असं विचारायचं असेल, तर प्रोग्राम त्या ओळीवर थांबायचा, उत्तर घ्यायचा आणि पुढे सरकायचा. कधी काय विचारायचं हे प्रोग्राम ठरवत होता आणि माणूस त्याच्या क्रमानं चालत होता.

चित्रं असलेल्या प्रोग्राममध्ये हा क्रम प्रोग्रामच्या हातून सुटतो. स्क्रीनवर तीन गोल आणि दोन बटणं असतील, तर माणूस आधी कशाला हात लावेल हे सांगता येत नाही. कदाचित तो काहीच न करता पाच मिनिटं नुसता बघत बसेल. अशा वेळी ‘आधी हे, मग ते’ असा कोड लिहिणार तरी कसा?

एक उपाय चटकन सुचतो. लूप लावायचा आणि सतत विचारत राहायचं: क्लिक झालं का? आता झालं का? आता? याला पोलिंग म्हणतात. हा उपाय चुकीचा नाही, बऱ्याच खेळांमध्ये असंच करतात, कारण खेळाला दर क्षणी नवं चित्र काढायचंच असतं. पण एरवी यात दोन अडचणी येतात. काहीही घडत नसताना प्रोसेसर राबत राहतो. शिवाय दोन प्रश्नांच्या मध्ये लूप दुसऱ्या कामात अडकला असेल आणि तेवढ्यात माउसचं बटण दाबून सुटलंही असेल, तर ते क्लिक कुणाच्या लक्षातच येत नाही.

दुसरा उपाय म्हणजे निरोप ठेवणं. प्रोग्राम सुरू होताना एकदाच सांगून ठेवायचं की क्लिक झालं की अमुक फंक्शन चालव. मग विचारत बसायची गरजच उरत नाही. घडलेल्या गोष्टीच्या बातमीला इव्हेंट म्हणतात. ती बातमी आल्यावर चालणारं फंक्शन म्हणजे हँडलर. माउस हलला, बटण दाबलं, बटण सुटलं, कीबोर्डवरची कळ दाबली, विंडोचा आकार बदलला, ठरवलेला वेळ संपला, हे सगळे इव्हेंट आहेत.

लहान मुलांसाठीच्या स्क्रॅच या भाषेत ही कल्पना डोळ्यांना दिसेल अशी मांडली आहे. तिथे कोड म्हणजे एकमेकांत अडकणारे रंगीत ठोकळे. स्क्रीनवरच्या चित्राला तिथे स्प्राइट म्हणतात. ‘या स्प्राइटवर क्लिक केल्यावर’ या ठोकळ्याचा माथा गोलसर असतो आणि त्याच्या वर दुसरा कुठलाच ठोकळा बसत नाही. म्हणजे तो तुमच्या कोडमधल्या कुठल्याही ओळीनंतर येत नाही. तो कधी चालायचा हे बाहेरून ठरतं. पायथन असो वा जावास्क्रिप्ट, प्रत्येक हँडलरचा माथा असाच मोकळा असतो, फक्त तिथे तो दिसत नाही.

क्लिकचा प्रवास

माउसच्या बटणापासून तुमच्या फंक्शनपर्यंत बातमी येते कशी, हे एकदा पाहून घेतलं की पुढच्या बऱ्याच शंका आपोआप मिटतात.

माउसला स्क्रीन दिसत नाही. तो एवढंच सांगतो की मी इतका उजवीकडे सरकलो, इतका खाली आलो आणि माझं डावं बटण दाबलं गेलं. यूएसबीच्या साध्या माउसला सेकंदाला साधारण १२५ वेळा ही माहिती विचारली जाते. गंमत म्हणजे इथे तळाशी पोलिंगच चालू असतं. पण ते काम यूएसबीसाठी असलेलं वेगळं हार्डवेअर करतं, प्रोसेसरला त्यात गुंतावं लागत नाही. सांगण्यासारखं काही असेल तेव्हाच त्याला हाक जाते.

ऑपरेटिंग सिस्टीम ही सरकासरकी बेरीज करत ठेवते आणि त्यावरून बाण स्क्रीनवर कुठे आहे ते ठरवते. बटण दाबलं की त्या जागी कुठल्या प्रोग्रामची विंडो आहे हे ती पाहते आणि त्या प्रोग्रामच्या रांगेत एक चिठ्ठी टाकते. चिठ्ठीवर काय घडलं, कुठे घडलं, कुठल्या बटणानं घडलं आणि केव्हा घडलं हे लिहिलेलं असतं. तुमचा प्रोग्राम ही रांग एका लूपमध्ये उपसत असतो:

विंडो उघडी आहे तोवर:
  रांगेतली पुढची चिठ्ठी घे. नसेल तर येईपर्यंत झोप
  त्या प्रकारच्या चिठ्ठीसाठी नोंदवलेलं फंक्शन शोध
  चिठ्ठी हातात देऊन ते चालव

हा इव्हेंट लूप. तो बहुतेक वेळा आपल्याला लिहावा लागत नाही, तयार मिळतो. टीकिंटर म्हणजे पायथनमधलं विंडो आणि चित्रं बनवायचं तयार साहित्य. त्यात कोडच्या शेवटी ‘मेनलूप’ नावाची एक ओळ लिहायला सांगतात. पुष्कळ जण ती ‘लिहावीच लागते’ म्हणून लिहितात. खरं तर तीच ओळ वरचा लूप सुरू करते आणि तिच्या आधीचा तुमचा सगळा कोड ही नुसती तयारी असते. ब्राउझरमध्ये लूप आधीपासून चालूच असतो, म्हणून तिथे अशी ओळ दिसत नाही.

‘येईपर्यंत झोप’ हे शब्द नजरेतून सुटू देऊ नका. इव्हेंट नसेल तेव्हा प्रोग्राम खरोखरच काही करत नाही, प्रोसेसर दुसऱ्या कामांसाठी मोकळा असतो.

नाव द्यायचं, काम करून टाकायचं नाही

हँडलर नोंदवताना जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी एका जागी अडखळतो. समजा ‘रंगबदल’ नावाचं फंक्शन आहे. नोंदणी अशी केली:

गोल.क्लिकवर( रंगबदल() )

प्रोग्राम सुरू होताक्षणी गोल लाल होतो आणि नंतर कितीही क्लिक केलं तरी ढिम्म हलत नाही. कारण आहे त्या छोट्या रिकाम्या कंसांत. नावापुढे कंस आले की त्याचा अर्थ ‘आत्ता चालव’ असा होतो. म्हणजे फंक्शन तिथल्या तिथे चाललं, आणि नोंदणीच्या हाती फंक्शन नाही तर त्याचं उत्तर पडलं, जे बहुधा रिकामंच असतं. हवं होतं ते असं:

गोल.क्लिकवर( रंगबदल )

इथे आपण फक्त नाव देतोय. चालवायचं कधी ते लूप बघून घेईल. फंक्शन ही एखाद्या आकड्यासारखी दुसऱ्याच्या हाती देता येणारी वस्तू आहे, हे अनेकांना इथेच पहिल्यांदा जाणवतं. सुरू होताच एकदा चालतं आणि मग कधीच नाही, असं लक्षण दिसलं की आधी हे कंस तपासावेत.

स्क्रीनला गोल माहीत नसतो

आता खरा गाभा. चिठ्ठी मिळाली: (१७०, १४०) या जागी क्लिक झालं. पण हे गोलावर झालं की बाहेर, हे त्या चिठ्ठीत नाही.

साध्या कॅनव्हासवर, म्हणजे स्क्रीनवरच्या चित्र काढायच्या कोऱ्या जागेवर, गोल काढला की त्या क्षणी काही ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलचा, रंग बदलतो आणि तेवढ्यावर विषय संपतो. इथे एक गोल आहे ही जाणीव कुठेही उरत नाही. आपल्या डोळ्यांना गोल दिसतो, संगणकाकडे मात्र रंगीत पिक्सेलच असतात. म्हणून गोल कुठे आहे आणि केवढा आहे हे आपणच व्हेरिएबलमध्ये जपून ठेवायचं आणि प्रत्येक क्लिकला गणित करायचं. या गणिताला हिट टेस्ट म्हणतात.

समजा गोलाचं केंद्र (१५०, १२०) आहे आणि त्रिज्या ४०. क्लिकपासून केंद्रापर्यंतचं अंतर त्रिज्येइतकं किंवा तिच्याहून कमी असेल, तर क्लिक गोलावर. अंतर काढायला शाळेतला पायथागोरस पुरतो. (१७०, १४०) साठी आडवा फरक २० आणि उभा फरकही २०. वर्गांची बेरीज ४०० + ४०० = ८००. त्रिज्येचा वर्ग १,६००. ८०० लहान, म्हणजे क्लिक आत. वर्गमूळ काढायची गरजही पडली नाही, कारण वर्गांचीच तुलना पुरेशी असते.

आता (१८५, १५०) घ्या. फरक ३५ आणि ३०, वर्गांची बेरीज १,२२५ + ९०० = २,१२५. हे १,६०० पेक्षा जास्त, म्हणून क्लिक बाहेर. मुद्दाम हा बिंदू घेतला, कारण गोलाभोवती चौकोन कल्पून ‘११० ते १९० आणि ८० ते १६० च्या मध्ये आहे का’ एवढंच तपासलं असतं, तर हा बिंदू आत धरला गेला असता. चौकोनाची तपासणी लिहायला सोपी पडते, पण गोल त्या चौकोनाचा साधारण ७८.५ टक्के भागच व्यापतो. उरलेल्या कोपऱ्यांत क्लिक केलं, तर रिकाम्या जागेला प्रतिसाद मिळेल आणि वापरणारा बुचकळ्यात पडेल.

वेड्यावाकड्या बहुभुजाकृतीसाठी एक देखणी युक्ती आहे. क्लिकच्या बिंदूपासून एका दिशेला सरळ रेषा सोडायची आणि ती आकृतीच्या कडा किती वेळा ओलांडते ते मोजायचं. संख्या विषम आली तर बिंदू आत, सम आली तर बाहेर. कागदावर एक वाकडीतिकडी आकृती काढून दोन-तीन बिंदूंवर हे करून बघा. आत असलेल्याला बाहेर पडायला शेवटी एक जास्तीची कड ओलांडावीच लागते, हे हातानं केल्यावर लख्ख दिसतं.

आकार फारच गुंतागुंतीचे असतील, तर आणखी एक मार्ग आहे. न दिसणारा दुसरा कॅनव्हास घ्यायचा, त्यावर तेच आकार त्याच जागी काढायचे आणि प्रत्येकाला वेगळा सपाट रंग द्यायचा. क्लिक आलं की लपलेल्या कॅनव्हासवर त्या पिक्सेलचा रंग वाचायचा, रंगावरून आकार कळतो. २४ बिटांच्या रंगांत १,६७,७७,२१६ छटा असतात, त्यामुळे ओळखीच्या खुणा कमी पडण्याची भीती नाही. मात्र कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून काठावर रंग मिसळले जातात. ती सोय इथे बंद ठेवावी लागते, नाहीतर काठावरच्या क्लिकला भलत्याच आकाराचा रंग हाती येतो.

उलट चौकटींचा पट असेल, तर आकार शोधायचाही नाही. प्रत्येक घर ५० पिक्सेलचं असेल आणि क्लिक आडव्या १७० वर झालं, तर १७० भागिले ५० म्हणजे पूर्ण भाग ३. म्हणजे शून्यापासून मोजलं तर ३ क्रमांकाचा स्तंभ. ओळही अशाच भागाकारानं मिळते. घरं ६४ असोत की सहा हजार, काम दोन भागाकारांतच होतं.

सगळीकडे हे गणित स्वतः करावं लागतं असं नाही. स्क्रॅचमधले स्प्राइट, टीकिंटरच्या कॅनव्हासवरचे आकार, ब्राउझरमधलं एसव्हीजी चित्र (ठिपक्यांऐवजी आकारांच्या वर्णनातून बनणारं), यांत काढलेल्या प्रत्येक आकाराची नोंद यंत्रणा स्वतः ठेवते आणि हँडलर थेट आकारालाच बांधता येतो. सुरुवात तिथून करायला काहीच हरकत नाही. तरी एकदा तरी हिट टेस्ट हातानं लिहावी, असा माझा आग्रह आहे. पुढे क्लिक ‘भलतीकडेच लागतंय’ असं दिसलं, की आत काय चाललंय याचं चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं.

इथे थोडा इतिहास सांगावासा वाटतो. १९६३ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी एमआयटीमध्ये टीएक्स-२ या संगणकावर स्केचपॅड हा प्रोग्राम दाखवला. त्यात माणूस स्क्रीनवरच्या रेषांना लाइट पेननं थेट हात घालत होता. त्या पेनला प्रकाश ‘दिसत’ असे. स्क्रीनवर ठिपके एकामागून एक उजळत जात. पेनच्या टोकाखालचा ठिपका उजळला की पेन संगणकाला खूण करी, आणि संगणकाला माहीतच असे की या क्षणी आपण कुठल्या रेषेचा ठिपका काढत होतो. त्यामुळे कुठली रेषा पकडली हे पेनमधूनच कळत होतं. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या जाहीर प्रात्यक्षिकात माउस दाखवला. माउस टेबलावर सरकतो, त्याला प्रकाश दिसत नाही. पेनला जे दिसत होतं, ते माउसच्या बाबतीत आपल्याला आकडेमोड करून शोधावं लागतं.

क्लिक भलतीकडे लागतं तेव्हा

शाळेच्या आलेखात उभा अक्ष वर वाढत जातो. संगणकाच्या बहुतेक कॅनव्हासवर शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं आणि उभा आकडा खाली वाढतो. पायथनचं टर्टल, म्हणजे कासव चालवून रेषा काढायचं नवशिक्यांचं साधन, याला अपवाद आहे. तिथे शून्य मध्यभागी असतं आणि वर म्हणजे वरच. टर्टलवर शिकून कॅनव्हासकडे गेलेल्यांची चित्रं उलटी येतात ती यामुळे.

याहून छळणारी गोष्ट म्हणजे आकडे कुठून मोजलेत हा प्रश्न. ब्राउझरमध्ये क्लिकच्या जागेचे आकडे पानाच्या दिसणाऱ्या भागाच्या कोपऱ्यापासून मोजलेले असू शकतात, आणि तुमचा कॅनव्हास पानावर खाली कुठेतरी असतो. कॅनव्हासची स्वतःची जागा त्यातून वजा केली नाही, तर प्रत्येक क्लिक चुकतं. इथे लक्षण नीट पाहावं. चूक सगळीकडे सारख्याच अंतराची असेल, तर वजाबाकी राहिली आहे. वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ चूक नगण्य आणि लांब जावं तशी वाढत जात असेल, तर कॅनव्हास ताणून किंवा आकसून दाखवला जातोय आणि आकडे त्या प्रमाणात गुणायचे राहिलेत. हँडलरच्या पहिल्याच ओळीत मिळालेले आकडे छापून बघायची सवय लावली, तर यातलं बरंचसं काही मिनिटांत उलगडतं.

हिट टेस्ट आपल्या हातात असण्याचा एक सुंदर फायदाही आहे. बोटानं वापरायच्या स्क्रीनवर १० त्रिज्येचा ठिपका नेमका दाबणं फार अवघड जातं. ॲपल आपल्या उपकरणांसाठी किमान ४४ बाय ४४ पॉइंटची (पॉइंट हे स्क्रीनवरच्या मापाचं एकक) जागा सुचवतं. चित्र लहानच ठेवायचं असेल, तर ठिपका १० त्रिज्येचा काढा आणि तपासताना २२ त्रिज्या धरा. ज्याचा हात थरथरतो, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा असतो. आणि जिथे साधं बटण पुरतं, तिथे कॅनव्हासवर बटणाचं चित्र काढू नका. खरं बटण कीबोर्डनं दाबता येतं, ज्यांना दिसत नाही त्यांना स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो. चित्रातल्या बटणाला यातलं काहीच आपोआप मिळत नाही.

हँडलरला आठवण नसते

क्लिक आल्यावर गोल लाल झाला. पुढच्या क्लिकला तो पुन्हा निळा व्हायला हवा. हँडलर मात्र चालतो, संपतो आणि त्याच्या आतले व्हेरिएबल पुसले जातात. मागच्या वेळी काय केलं होतं हे त्याला कसं कळणार? त्यासाठी हँडलरच्या बाहेर एक व्हेरिएबल लागतं:

लाल_आहे = नाही

क्लिक आल्यावर:
  जर क्लिक गोलाच्या आत असेल:
    लाल_आहे = उलट(लाल_आहे)
    सगळं चित्र पुन्हा काढ

बाहेर ठेवलेल्या या माहितीला स्टेट म्हणतात. वरून खाली चालणाऱ्या प्रोग्राममध्ये आपण कुठल्या ओळीवर आहोत यावरूनच बरंच काही कळत असतं. दुसऱ्या प्रश्नाच्या ओळीवर आहोत म्हणजे पहिल्याचं उत्तर मिळालंय, हे वेगळं लिहून ठेवावं लागत नाही. इव्हेंटच्या जगात ही सोय जाते. काय होऊन गेलं आणि आता आपण कशाच्या मध्यावर आहोत, हे सगळं स्टेटमध्ये नोंदवावं लागतं. माझ्या अनुभवात नवशिक्यांच्या अडचणी क्लिक पकडण्यात कमी आणि इथे जास्त असतात.

वरच्या कोडमध्ये हँडलर गोलावर थेट लाल रंग फासत नाही. तो आकडे बदलतो आणि मग आकड्यांवरून सगळं चित्र नव्यानं काढायला सांगतो. सुरुवातीला हे उधळपट्टीचं वाटतं. एकच गोल बदलला तर सगळं कशाला पुसायचं? पण वस्तू सरकवायला लागलात की कळतं: जुन्या जागेचं चित्र पुसायचं राहिलं तर तिथे डाग उरतो, आणि पुसताना खालच्या दुसऱ्या गोलाचा तुकडाही पुसला जातो. एका ठिकाणी आकडे आणि एका ठिकाणी त्यांवरून काढणारं फंक्शन, अशी विभागणी केली की हे प्रश्न उद्भवतच नाहीत.

स्टेटचं महत्त्व खऱ्या अर्थानं कळतं ते वस्तू ओढायला लागल्यावर. ‘ओढलं’ हा एक इव्हेंट नाही. बटण दाबलं, माउस हलला, हलला, हलला, बटण सुटलं, अशा तुटक बातम्यांतून आपण ओढणं तयार करतो:

बटण दाबल्यावर:
  जर आत असेल: धरलंय = हो; अंतर = केंद्र वजा क्लिकची जागा
माउस हलल्यावर:
  जर धरलंय: केंद्र = माउसची जागा अधिक अंतर; पुन्हा काढ
बटण सुटल्यावर:
  धरलंय = नाही

मधलं ‘अंतर’ विसरलं, तर गोल धरताक्षणी टुणकन उडी मारतो आणि त्याचं केंद्र बाणाखाली येतं. तुम्ही काठाला धरलेलं असतं, म्हणून ते डोळ्यांना खटकतं. दुसरी फसगत होते ती सोडताना. ब्राउझरमध्ये ओढता ओढता बाण कॅनव्हासच्या बाहेर गेला आणि बटण तिथे सुटलं, तर कॅनव्हासला ती बातमीच मिळत नाही. ‘धरलंय’ तसंच ‘हो’ राहतं आणि बाण परत आला की गोल त्याला चिकटून फिरायला लागतो. म्हणून बटण सुटल्याची बातमी कॅनव्हासवर न ऐकता सगळ्या विंडोवर ऐकायची.

दाबणं आणि सुटणं वेगळं ठेवण्यामागे माणसाचाही विचार आहे. स्क्रीनवरची बहुतेक बटणं काम करतात ती दाबल्यावर नाही, सोडल्यावर, आणि तेही बाण अजून बटणावरच असेल तर. चुकून दाबलं गेलं तर बोट न उचलता बाण बाजूला नेऊन सोडता येतं, आणि काही घडत नाही. ॲपलच्या १९८७ च्या हायपरकार्ड या प्रोग्राममध्ये हौशी लोक स्वतः बनवलेल्या बटणांना ‘ऑन माउसअप’ अशा ओळीनं सुरू होणारा छोटा कोड जोडायचे. ‘अप’ म्हणजे सुटल्यावर.

डबल क्लिकबद्दल एवढंच सांगतो की ब्राउझरमध्ये त्याच्या आधी दोन साधी क्लिकही येतात. त्यामुळे एकाच वस्तूवर क्लिकला एक काम आणि डबल क्लिकला त्याच्या विरुद्ध काम ठेवू नका.

हँडलर रेंगाळला की सगळं गोठतं

लूप एका वेळी एकच चिठ्ठी घेतो आणि तिचं काम पूर्ण झाल्याशिवाय पुढची उचलत नाही. यात मोठं सुख आहे. तुमचा एक हँडलर चालू असताना दुसरा मध्येच घुसून आकडे बदलत नाही. पण तुमच्या हँडलरनं पाच सेकंद घेतले, तर त्या पाच सेकंदांत झालेली सगळी क्लिक रांगेत पडून राहतात. चित्र नव्यानं काढलं जात नाही, विंडो बंद करायचं बटणही दाद देत नाही. विंडोज सिस्टीम साधारण एवढाच वेळ वाट पाहून प्रोग्राम प्रतिसाद देत नसल्याचं जाहीर करते. मग काम उरकताच रांगेतली क्लिक धडाधड एकामागून एक लागू होतात. गोठलेल्या बटणावर वैतागून दहा वेळा क्लिक केलेल्या माणसाला त्यानंतर जे दिसतं, त्याचं कारण हे.

गोल हळूहळू उजवीकडे सरकवायचा म्हणून हँडलरमध्येच शंभर पावलांचा लूप आणि प्रत्येक पावलाला थोडा विराम, असं लिहिलं तर गोल सरकताना दिसतच नाही. तो थेट शेवटच्या जागी उगवतो. स्क्रीनवर चित्र चढवण्याचं कामही त्याच रांगेची वाट पाहत असतं आणि ती रांग तुम्ही अडवून धरलेली असते. यावर तोडगा पुन्हा इव्हेंटचाच. टायमर लावायचा, दर खेपेला एकच पाऊल टाकायचं आणि लूपला मोकळं करायचं. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलत असेल, तर एका खेपेला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात हिट टेस्ट, आकडेमोड आणि चित्र असं सगळं बसवायचं. साध्या चित्रांना एवढा वेळ पुरून उरतो.

एकावर एक

एक गोल जमला की तीन-चार गोलांची यादी करा आणि त्यांतले दोन मुद्दाम एकमेकांवर चढवा. ज्या क्रमानं काढाल, त्यातला शेवटचा सगळ्यांच्या वर दिसतो. क्लिक तपासताना मात्र यादी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायची आणि पहिला सापडलेला गोल घेऊन थांबायचं. सरळ क्रमानं वाचलीत, तर वरच्या गोलावर क्लिक करूनही खाली झाकलेला गोल हाती लागेल. थांबायला विसरलात, तर दोन्ही एकदम सरकतील.

आणि धरलेला गोल सगळ्यांच्या वर यावा असं वाटत असेल, तर वेगळं काही लिहायला लागत नाही. बटण दाबल्यावर तो यादीतून काढा, यादीच्या शेवटी ठेवा आणि सगळं पुन्हा काढा.